स्प्लेंडरचा मागचा ब्रेक शू: ओरिजिनल घ्यायचा का लोकल, वापरून सांगतो

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू हिरोच्या ओरिजिनल मागच्या ब्रेक शूचा आहे, गाडी जुनी स्प्लेंडर, टाकीवर अजून हिरो होंडा लिहिलेली. आणि गाडी साताऱ्यात, म्हणजे यवतेश्वरचा घाट कायमचाच, कधी डबल सीट, कधी मागे पोतं, पावसाळ्यात कासच्या रोडचा तांबडा चिखल सगळा हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागावर. (शू म्हणजे त्या हबच्या आतल्या ड्रमला घासून गाडी थांबवणारे दोन अर्धगोल तुकडे, आणि त्यांच्यावरचा घासणारा थर म्हणजे लायनर.) ज्यांची गाडी नुसती सपाटीला घर ते ऑफिस पळते त्यांना यातलं निम्मं लागू होणार नाही, पण उरलेलं निम्मं नक्की होईल.

थोडक्यात हवं असेल तर, घ्या. पैशात काही फार फरक नाही, दोनशे-तीनशेच्या घरातली वस्तू आहे, लोकलपेक्षा जास्तीत जास्त शंभर-दीडशे जास्त जातील, तेवढ्याचा तर आपण टपरीवर चहा-वडापाव करतो. पण शू घेतला म्हणजे ब्रेक चांगला झाला असं नाही हं, तो बसवला कसा यावर जास्त आहे आणि तेच सांगायला एवढं लांबलचक लिहितोय.

गाडी मूळ काकांची. त्यांच्याकडून माझ्याकडे आली तेव्हा मागे लोकल शू होते, कुठल्या मेकचे ते सांगत नाही आणि त्यावरचं नाव पण पुसलं गेलं होतं. काका मोठ्या कौतुकाने सांगायचे की अरे हे लायनर बघ, कधी बदललेत आठवत पण नाही, अजून हललेले नाहीत. आणि खरंच हललेले नव्हते, कारण ते ड्रमला धरतच नव्हते! पॅडल पार खाली जाईपर्यंत दाबा, गाडी आपली आरामात विचार करत करत थांबणार. उघडून बघितलं तर लायनरची जाडी भरपूर पण वरून तुळतुळीत झालेला, नख मारलं तर नख घसरत होतं. इथेच लोकांचा घोळ होतो. दुकानात गेलं की पहिला प्रश्न "टिकतो किती?" अरे दादा, जो शू घासतच नाही तो टिकणारच की, त्याला काय होतंय. ब्रेकचं कामच आहे घासायचं, गाडीचा सगळा वेग तो घासून उष्णतेत घालवतो. लायनर कडक केला की तो वर्षानुवर्षं चालतो आणि वर ड्रम खातो तो वेगळाच. लायनरसकट शू दोनशे-तीनशेची वस्तू आहे, ड्रम हबमधेच असतो, तो खराब झाला तर हब बदलायचा, स्पोक सोडून परत चाक बांधायचं, त्यात किती जातात ते विचारून बघा एकदा. म्हणून माझ्या मते शू आधी झिजावा आणि ड्रम राहावा, हेच बरोबर आहे. ओरिजिनल शू लोकलपेक्षा लवकर झिजतो हे खरंय, त्याचे मार्क मी अजिबात कापत नाही.

आता घेताना. जुन्या स्प्लेंडरला मागे ११० मिमीचा ड्रम, आणि नंतर आयबीएस आलं त्या गाड्यांना मागे १३० चा. एकाचा शू दुसऱ्याला बसत नाही. (१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या दुचाकींना कंबाइंड ब्रेक, म्हणजे एक दाबला की दुसरा पण थोडा लागतो तो, किंवा एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आणि त्याच्या वरच्यांना एबीएसच सक्तीचं झालं, हिरो त्या कंबाइंडला आयबीएस म्हणते.) त्यामुळे दुकानात नुसतं "स्प्लेंडरचा मागचा शू द्या" म्हणू नका, गाडीचं साल सांगा, आणि त्याहून बरं म्हणजे जुना शू पिशवीत घालून घेऊन जा आणि काउंटरवर एकावर एक ठेवून बघा. आमचा स्पेअरवाला आबा म्हणतो "अहो बसतोय, घेऊन जा," त्याला म्हटलं आबा बसतोय तर इथंच ठेवून दाखवा. ठेवला. बसला. असं करायला लाज वाटायचं कारण नाही, तो पण रोज शंभर जणांना तेच देतो, एखाद वेळी हात चुकतोच.

पाकिटावर होलोग्राम, पार्ट नंबर आणि एमआरपी बघून घ्या, डुप्लिकेट पाकिटं बाजारात आहेत. पाकीट फोडून लायनर हातात धरून बघा, कडेला चिरा नकोत, शूच्या अॅल्युमिनियमला लायनर सगळीकडून चिकटलेला पाहिजे, कुठे फट दिसली तर परत द्या. आणि स्प्रिंग! पाकिटात आहेत का ते विचारा, नसल्या तर नव्या दोन घ्याच, चिल्लर किंमत आहे. जुन्या स्प्रिंग ताणून सैल झालेल्या असतात, मग पॅडल सोडलं तरी शू पूर्ण मागे येत नाही, ड्रमला चाटत राहतो आणि नवा लायनर फुकट जातो.

बसवायचं मी घरीच केलं, अंगणात, रविवारी. कठीण काही नाही पण घाई असेल तर करू नका. १४, १७ आणि १९ चा पाना, पक्कड, एक लाकडी ठोकळा, हातोडी, काचपेपर, थोडं ग्रीस, एवढं जवळ पाहिजे. गाडी डबल स्टँडवर. मागे ब्रेकच्या रॉडला जो अॅडजस्टिंगचा नट असतो तो पूर्ण काढायचा, रॉड सुटतो, त्याची स्प्रिंग आणि छोटी गोल पिन अंगणात कुठेतरी उडते ती आधी धरून ठेवा. मग ब्रेक प्लेटपासून (शू ज्या गोल झाकणावर बसतात ते) स्विंगआर्मला (मागचं चाक धरणारा दांडा) जाणारी जी पट्टी आहे, टॉर्क आर्म, तिच्या नटातली कॉटर पिन, म्हणजे नट सुटू न देणारी दुमडलेली तार, सरळ करून काढायची आणि नट सोडायचा. मग एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा, नट. एक्सल काढताना डायरेक्ट हातोडी मारायची नाही, आटे बसतात, लाकूड मधे धरून ठोकायचं. स्प्लेंडरचं एक बरं आहे की चेन काढायला लागत नाही, स्प्रॉकेट आपल्या जागी चेन कव्हरमधेच राहतं आणि चाक हबमधल्या रबरांमधून बाजूला ओढून सुटतं. चाक बाहेर काढायला गाडी थोडी कलती करावी लागते, तेव्हा कोणालातरी हाक मारा, एकट्याने कलती गाडी धरून चाक ओढायचा पराक्रम नको.

ब्रेक प्लेट चाकातून उचलली की आत काळी भुकटी असते. ती फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, कितीही सोपं वाटलं तरी. जुन्या लायनरमधे अॅस्बेस्टॉस असायचं, श्वासातून गेलं तर फुफ्फुसाला घातक, आणि आपल्या गाडीतला लोकल कशाचा बनवलाय हे कोणाला माहिती! तोंडाला मास्क आणि ओलं फडकं, पुसायचं, फडकं टाकून द्यायचं. गॅरेजमधे बारकी पोरं ती हवा मारतात आणि तोंड पांढरं-काळं करून फिरतात, ते बघवत नाही मला.

आता खरी गोष्ट, जी निम्म्याहून जास्त गॅरेजवाले करत नाहीत कारण तुम्ही बघत नसता. प्लेटमधे जो कॅम असतो, पॅडल दाबलं की जो फिरून दोन्ही शू बाहेर ढकलतो, तो काढून साफ करायचा. माझ्या गाडीत तो गंजून इतका जड झाला होता की हाताने फिरवायला पक्कड लागली. म्हणजे बघा, पायाचा निम्मा जोर गंज हलवण्यातच जात होता, आणि पॅडल सोडलं तरी कॅम मागे यायला तयार नाही. काचपेपरने घासून, रॉकेलने धुऊन, बोटावर अगदी टिपूसभर ग्रीस घेऊन त्याच्या दांड्याला आणि टोकाला लावलं. टिपूसभर म्हणजे टिपूसभरच. जास्त लावलं की घाटात गरम होऊन वितळणार आणि लायनरवर येणार, मग झालं कल्याण. लायनरला ग्रीस किंवा तेलाचा हात लागला तर तो पुसून उपयोग नसतो, आत शोषला जातो. म्हणून आधी ग्रीसचं काम, मग हात साबणाने धुवायचे, आणि मग नव्या शूला हात लावायचा. कॅमवरचा आर्म काढायच्या आधी त्याची खूण बघून ठेवा, कॅमच्या दात्यांवर आणि आर्मवर टिंब असतं, ते परत समोरासमोर आलं पाहिजे.

या आर्मची एक चलाखी चालते, तिच्यापासून सावध राहा. लायनर संपला की काही मिस्त्री शू बदलायच्या ऐवजी आर्म एक दाता मागे घेऊन बसवतात, नट परत आवळायला जागा मिळते, गिऱ्हाईक खूश, "ब्रेक टाईट करून दिला". पण आत कॅम आधीच जास्त फिरलेला असतो, लायनर आणखी झिजला की तो पार आडवा होऊन अडकू शकतो, म्हणजे एकतर ब्रेक लागायचाच नाही किंवा लागला तो सुटायचाच नाही. कॅमला बाहेरून एक बाण असतो आणि प्लेटवर एक खूण, पॅडल पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेला पोचला की शू बदलायचे, विषय संपला. बाण नसेल किंवा घासून गेला असेल तर लायनर २ मिमीवर आला की बदला.

ड्रमच्या आत बोट फिरवून बघा. खोबणी पडल्यात का, कडेला ओठ आलाय का. ११० चा ड्रम १११ पर्यंत चालतो, त्यापुढे हब बदलायचा, बऱ्याच गाड्यांना ही मर्यादा हबवरच लिहिलेली असते. व्हर्नियर नसेल तर लेथवाल्याकडे चाक घेऊन जा, तो मोजून देतो. माझा ड्रम ठीक निघाला, वर तुळतुळीतपणा होता तो काचपेपरने आडवा-तिडवा घासून घालवला.

शू बसवताना नवखा माणूस स्क्रूड्रायव्हरने स्प्रिंग ओढत बसतो, बोट चेंबतं आणि शिव्या देतो. सोपं आहे, दोन्ही शूला दोन्ही स्प्रिंग आधीच अडकवायच्या, मग दोन्ही शू अर्धवट उघड्या पुस्तकासारखे धरून एक टोक प्लेटवरच्या पक्क्या पिनवर आणि दुसरं कॅमवर टेकवायचं आणि दोन्ही बाजूने खाली दाबायचं, खट्ट करून बसतात. स्प्रिंगचं ओढणं भारी असतं, त्यामुळे खाली दाबताना बोटं आतल्या बाजूला नकोत.

चाक परत घालताना प्लेटच्या बाजूचा कॉलर, म्हणजे एक्सलवर बसणारी छोटी नळी, विसरू नका. एक्सल घातला, चेनच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या केल्या, चेन मधोमध दोन-अडीच सेंटिमीटर वरखाली हलली पाहिजे. आणि एक्सलचा नट शेवटचा आवळताना कोणालातरी ब्रेक पॅडल जोरात दाबून धरायला सांगा. शू ड्रमला सगळीकडून सारखे टेकतात, प्लेट मधे येते आणि मग नट आवळला की तशीच राहते. एवढ्या एका गोष्टीने ब्रेकचा फील बदलतो, बायकोने पॅडल धरलं होतं, ती म्हणाली एवढंच काम होतं तर अर्धा तास काय उभं केलंस.

टॉर्क आर्मचा नट आणि त्यात नवी कॉटर पिन, ही गोष्ट दहा वेळा लिहिली तरी कमी. जुनी पिन सरळ करून परत घालू नका, दोन-पाच रुपयांची वस्तू आहे. ती पट्टी सुटली तर ब्रेक मारल्यावर अख्खी प्लेटच चाकाबरोबर फिरायला लागते, रॉड वाकतो आणि चाक जाम. घाटात चाक जाम म्हणजे काय ते सांगायला नको.

मग अॅडजस्टमेंट. पॅडल वरून दाबायला सुरुवात केल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दोन ते तीन सेंटिमीटर फ्री प्ले पाहिजे. लोकांना अगदी बोट लावलं की लागणारा ब्रेक आवडतो, म्हणून आवळत जातात, पण त्याने शू ड्रमला चाटत राहतो. चाक हवेत असताना हाताने फिरवून बघा, मोकळं फिरलं पाहिजे, थोडा सर्र आवाज नव्या शूला चालतो. शेवटी ब्रेक लाईट बघा, स्विच पॅडलच्या स्प्रिंगला असतो, पॅडलचं अंतर बदललं की तो पण थोडा खालीवर करावा लागतो. आयबीएस गाडी असेल तर मागचं पॅडल पुढचा ब्रेक पण थोडा ओढतं, त्यामुळे पुढची केबल ढिली असेल तर मागचा नट कितीही फिरवा, पॅडलला मजा येत नाही. दोन्ही एकदम बघायचं.

आता चालवायला कसा वाटला. पहिले काही दिवस फार काही नाही, नवा लायनर ड्रमला सगळीकडून टेकत नाही, मधेच कुठेतरी टेकतो. लोक इथेच म्हणतात "ओरिजिनल पण बेकारच आहे". थांबा जरा. दोन-तीनशे किलोमीटर हलक्या हाताने, म्हणजे हलक्या पायाने, वापरा, एकदम घाटात नेऊ नका, जाम ब्रेक मारू नका. मग तो घासून ड्रमच्या गोलाईचा होतो. त्यानंतर जो ब्रेक लागायला लागला, राव, काकांना गाडी चालवायला दिली तर पहिल्याच स्पीडब्रेकरला त्यांचं नाक हँडलला लागायचं बाकी राहिलं. वरून विचारतात, "डिस्क टाकलास काय रे?"

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो हळूहळू वाढतो. थोडं दाबलं थोडा, जास्त दाबलं जास्त. आधीच्या लोकलला अर्ध्या पॅडलपर्यंत काहीच नाही आणि मग शेवटाला कसाबसा, पावसात तर भीतीच वाटायची. ओल्या रोडवर, कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टरमागे सांडलेलं पाचट आणि चिखल असतो त्यावर, ब्रेक किती जोरात लागतो यापेक्षा तो तुमच्या पायाचं ऐकतो का हे महत्त्वाचं, आणि हा ऐकतो.

पाणी गेलं की मात्र कुठलाही ड्रम ब्रेक ढिला पडतो, हा पण पडतो. ओढ्यातून गाडी काढली किंवा सर्व्हिसिंगला प्रेशरने धुतली की पहिले दोन-चार ब्रेक नाममात्र. पुढे मागे बघून हळू चालवत पॅडल थोडं दाबून धरायचं, आत सुकतं आणि ब्रेक परत येतो. सकाळी पहिल्या ब्रेकला कुई आवाज आला तर घाबरू नका, रात्रीतून ड्रमवर गंज धरतो, दोन-तीन दाबात जातो. रोज दिवसभर कुई करत असेल तर मग उघडून बघा.

घाटाचं वेगळं लिहायला पाहिजे कारण तिथेच मागच्या ब्रेकवर सगळे अन्याय करतात. यवतेश्वर उतरताना पुढच्या गाडीचा ब्रेक लाईट बघत जा, वरून निघाला तो साताऱ्यात येईपर्यंत चालूच, म्हणजे साहेब पॅडलवर पाय ठेवून उतरतायत. ड्रम तापतो, तापला की फुगतो म्हणजे लायनरपासून लांब जातो, वर तापलेल्या लायनरची पकड पण कमी होते, दोन्हीकडून मार. मग पॅडल खाली खाली जायला लागतं. नट आवळून हे सुटत नाही, उलट तापलेला असताना आवळला तर थंड झाल्यावर शू जाम बसतात. उपाय एकच, गियर. ज्या गियरमधे तो चढ चढलात साधारण त्याच गियरमधे उतरायचं, दुसऱ्या-तिसऱ्यात, इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक फक्त वळणाआधी मारायचा, दोन्ही मिळून, मारायचा आणि सोडायचा, त्याला थंड व्हायला वेळ द्यायचा. न्यूट्रलमधे टाकून पेट्रोल वाचवणारे आमच्याकडे खूप आहेत, थ्रॉटल बंद असताना गियरमधे असं कितीसं पेट्रोल जातं हो? आणि उतरल्यावर हबला हात लावून बघायची हौस असेल तर नका, पोळतो.

आणि मागच्या ब्रेकवरच गाडी थांबवायची सवय असलेल्यांना एक. ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, त्यामुळे एकट्या मागच्याने गाडी लांब जाऊन थांबते किंवा चाक घसरतं, शू कुठलाही असो. कोरड्या डांबरावर पुढचा जास्त, मागचा साथीला. खडी, वाळू, शेण, चिखल असेल तर पुढचा जपून आणि मागचा हलका. मागे माणूस किंवा पोतं असलं की मागच्या चाकावर वजन असतं, तेव्हा मागचा ब्रेक जास्त कामाला येतो, ते डबल सीट चालवताना लगेच कळतं.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला तर उगाच, पाच दिले की लोकांना पेड रिव्ह्यू वाटतो.

घरी जमणार नसेल तर गॅरेजला द्या, मजुरी फार नसते, पण समोर उभं राहा आणि आधीच सांगा की कॅम काढून साफ करायचा, स्प्रिंग आणि कॉटर पिन नव्या टाकायच्या, जुने शू परत द्यायचे. ज्याला हे सांगितल्यावर राग येतो त्याच्याकडे गाडी टाकू नका. माझ्या ओळखीचा एक मिस्त्री आहे, तो हे सगळं न सांगता करतो, पण त्याच्याकडे शनिवारी सकाळी दहाच्या आत जायला लागतं, नंतर गेलात तर गाडी सोमवारपर्यंत तिथेच.